चौकटीवरच्या खुणा

आमच्या घराण्यात हुशारीचा वारसा नाही, पण मोजण्याचा आहे. माझे वडील खळ्यावर माप धरायचे. कुरखेड्यात कुणाचं धान मोजायचं झालं, की त्यांना बोलावणं यायचं. मी पुढे शाळेत गणिताचा मास्तर झालो आणि एकतीस वर्षं मुलांचं माप धरलं. दोघांच्या धंद्यात फरक एवढाच, की वडिलांच्या मापाखालून गेलेलं धान कधी उठून म्हणालं नाही, "गुरुजी, माझा अर्धा मार्क राहिला."

ही परंपरा सांगायचं कारण असं, की टक्क्यांच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा मानतात. बाकी कुठल्याही बाबतीत तो पहिलाही मानत नाहीत. वांगी किडकी आहेत की चांगली, पाऊस येणार की नाही, जावयाला काय द्यावं, यांत मला कुणी विचारत नाही. पण "अमक्याला इतके टक्के पडले, म्हणजे कसं?" असा प्रश्न आला, की सगळी माना माझ्याकडे वळवतात. अशा वेळी मी चष्मा काढून पुसतो. चष्मा पुसल्याने उत्तर सापडत नाही, पण विचार चालला आहे असं दिसतं.

मी स्वतः १९६८ साली अकरावी मॅट्रिक झालो. त्या वेळी आमचं कुरखेडा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. गडचिरोली जिल्हा व्हायला १९८२ चा ऑगस्ट उजाडायचा होता. निकाल नागपूरच्या वर्तमानपत्रात नुसत्या नंबरांच्या रूपाने छापून यायचा आणि ते वर्तमानपत्र वडशाहून एसटीने यायचं. ज्या दिवशी निकाल त्या दिवशी एसटी पंक्चर, हा सृष्टीचा नियम होता. मला बावन्न टक्के पडले. सेकंड क्लास! वडिलांनी गूळ-फुटाणे वाटले. पलीकडच्या गावाहून एक म्हातारे गृहस्थ सती नदी ओलांडून खास मला बघायला आले. त्यांनी मला उभं केलं, वळवलं, आणि बैल पसंत पडल्यासारखी मान हलवून गेले.

आता आमच्या गावात ब्याण्णव टक्केवाला पोरगा पानठेल्यावर उभा असतो आणि त्याला कुणी "जरा सरक गा" याखेरीज काही म्हणत नाही.

तर गोष्ट २०१९ च्या जूनपासून सुरू होते. आमची थोरली नात दहावीला होती. अंगाने बारीक, बोलायला कमी, आणि पहाटे साडेचारला उठून कंदिलापाशी बसणारी. कंदील म्हणजे खरोखरचा कंदील, कारण आमच्याकडची वीज पहाटे अभ्यास करत नाही. निकाल लागला. चौसष्ट टक्के. आदल्या वर्षी शेजारच्या पोराला ब्याऐंशी पडले होते, आणि तो पोरगा थोरलीकडून गणितं समजावून घ्यायचा. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "घसरली."

आमची ही चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "तुमाले किती होते जी?"

"बावन्न. पण ते बावन्न वेगळे!"

"मंग हे चौसष्टबी वेगळे असतीन."

मी हसलो. बायकांना टक्केवारी कळत नाही, असं मी त्या काळी मानत असे. त्या काळी म्हणजे पुढची दोन वर्षं.

मग टाळेबंदी आली. शाळा बंद झाली आणि मोबाइलमध्ये उघडली. मोबाइलला रेंज नसल्यामुळे तिथेही ती बंदच होती. धाकटा नातू रेंजच्या शोधात घरामागच्या मोहाच्या झाडावर चढायचा. वर्ग पाऊण तासाचा, पण हा दोन-दोन तास झाडावर. इतकं शिक्षण घेणारा मुलगा आमच्या घराण्यात झाला नाही, असं मी अभिमानाने सांगत असे. तो वर क्रिकेट बघतो, हे मोहफुलं वेचायला आलेल्या बाईने मला सांगितलं.

२०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही, आणि जुलैत निकाल मात्र लागला. धाकट्याला एकोणनव्वद टक्के! तीन आठवड्यांनी, ऑगस्टच्या सुरुवातीला, थोरलीचा बारावीचा निकाल आला. तिचीही परीक्षा झालेली नव्हती. तिला एकाहत्तर.

त्या रात्री मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. त्याचं छोटं किराणा दुकान आहे आणि थोडी धानाची शेती. टाळेबंदीने दुकान आणि पावसाने शेती, अशी दोन्हीकडून कातर लागली होती. तो म्हणाला, "बाबा, एकालेच बाहेर शिकवाले परवडते. धाकट्याले नागपूरले पाठवतो म्हनतो, अकरावीले. थोरलीले वडशाकडून एक स्थळ आलं हाय. पोरगं बरं हाय म्हनतात. तुमी मास्तर हाव. तुमी सांगा."

टक्क्यांचा प्रश्न होता, म्हणजे माझा शब्द शेवटचा. मी आलेखाचा कागद मागवला.

गणिताच्या मास्तराच्या हाती आलेखाचा कागद म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं पुढे हिनं सांगितलं. पण त्या रात्री मला तसं वाटलं नाही. मी आडव्या रेघेवर सालं मांडली आणि उभ्या रेघेवर टक्के. १९६८ ला मी, बावन्न. १९९१ ला मुलगा, अठ्ठावन्न. २०१९ ला थोरली, चौसष्ट. २०२१ ला धाकटा, एकोणनव्वद. ठिपके जोडले. रेघ आधी बैलगाडीसारखी चढत होती, आणि शेवटी विमानासारखी उडाली. मी पट्टी लावून ती पुढे वाढवली. या हिशेबाने माझ्या पणतूला एकशे अठराच्या खाली टक्के पडण्याचं कारणच नव्हतं.

"घराणं सुधारून राहिलं," मी म्हणालो. "आकडा खोटं बोलत नाही. धाकट्याला पाठव."

थोरली चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवला. कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आबाजी, मले किती पायजे होते?"

एकतीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारले. उलटा प्रश्न आला, की "बस खाली" म्हणायची सोय होती. ती सोय निवृत्तीबरोबर गेलेली. मी चष्मा पुसला. ती उत्तराची वाट पाहत थोडी थांबली, आणि मग रिकामे कप उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही मधल्या खोलीची चौकट पुसत होती. आमच्या घराची ही चौकट सागाची, वडिलांच्या वेळची. तिच्यावर घरातल्या प्रत्येक मुलाची उंची दर दसऱ्याला कोरून ठेवायची, ही रीत मीच घातली. चौकटीला टेकून उभं करायचं, डोक्यावर पट्टी ठेवायची आणि खिळ्याने रेघ ओढायची. नाव, वय, साल. म्हणजे मोजण्याचा वारसा लाकडातसुद्धा उतरलेला.

"इकडं या जी," ही म्हणाली. "हे पोरीची दहा वर्साची रेघ. अन् हे पोराची दहा वर्साची. कोन उंच?"

धाकट्याची रेघ तीन बोटं वर होती. त्यावरून तो कित्येक वर्षं बहिणीला 'बुटकी' म्हणून चिडवत आला होता, आणि पुरावा म्हणून चौकट दाखवायचा.

"धाकटा उंच," मी म्हणालो. "दिसतंच आहे."

"पोरीची रेघ कवाची?"

"२०१३."

"अन् पोराची?"

"२०१५."

"मधात काय झालं?"

मधे काय झालं? मधे निवडणुका झाल्या, माझा दात पडला. ही माझ्याकडे, मी वर्गात ढ मुलाकडे पाहायचो तसं पाहत होती. मग तिनं पायाने जमिनीवर ठोकलं. मधे फरशी बसली होती! २०१४ साली मुलाने शेणामातीची भुई बंद करून खाली मुरूम भरला आणि वर फरशी घातली. जुना उंबरठा इतका उंच होता, की घरात येणारा प्रत्येक पाहुणा ठेच लागून नमस्काराच्या स्थितीतच आत यायचा. फरशीनंतर तो उंबरठा जवळजवळ बुडाला. भुई चार बोटं वर आली होती. धाकटा चार बोटं उंच जागेवर उभा राहिला, आणि तीनच बोटं वर गेला.

"म्हनजे दहा वर्साची असताना पोरगी एक बोट उंच होती," ही म्हणाली. "पोरगा नाई वाढला जी, भुई वाढली."

एवढं बोलून तिनं फडकं पिळलं आणि ती दुसऱ्या खोलीत गेली. मी फरशीवर बसलो. गणितात एम.ए. करायची माझी इच्छा राहून गेली, याचं मला नेहमी वाईट वाटतं. घरात एक न शिकलेली प्राध्यापक असताना ते वाटायला नको होतं.

मग मी माझा आलेख पुन्हा काढला आणि त्याच्या खालची भुई तपासायला घेतली.

थोरलीचं साल २०१९. त्या साली दहावीला नवा अभ्यासक्रम आला होता, आणि भाषा व समाजशास्त्रं या विषयांत शाळेच्या हातात असलेले वीस-वीस गुण काढून घेतले होते. शंभरच्या शंभर लेखी. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ ला ७७.१० वर आला. आमच्या नागपूर विभागाचा तर ६७.२७, राज्यात सगळ्यांत कमी. लगेच ते वीस गुण परत दिले. २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के, त्या साली भूगोलाचा पेपर टाळेबंदीत रद्द झाला, आणि न दिलेल्या पेपरातही मुलांना सरासरीने गुण मिळाले. २०२१ ला कुठलाच पेपर झाला नाही, आणि निकाल ९९.९५ टक्के. उरलेले ०.०५ कोण, याचं मला आजही कुतूहल आहे. परीक्षाच नसताना नापास व्हायला एक वेगळी प्रतिभा लागते.

आता विचार करा. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं बारा टक्के मठ्ठ झाली, आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्के हुशार? असं कुठलं टॉनिक निघालं होतं? आईबाप तेच, मास्तर तेच, डास तेच, आणि वीजही पहाटे जायची तशीच जात होती. मुलं होती तिथेच होती. २०१९ ला कुणीतरी त्यांच्या पायाखालची फरशी खणली, आणि २०२१ ला त्यांना स्टुलावर उभं केलं.

धाकट्याच्या स्टुलाचेही पाय मी मोजले. शंभरातले पन्नास गुण नववीच्या निकालावरून, तीस दहावीतल्या शाळेतल्या लेखी कामावरून आणि वीस तोंडी-प्रात्यक्षिकांवरून. बरं, नववीची वार्षिक परीक्षाही २०२० च्या टाळेबंदीत बुडालेली, म्हणजे पहिल्या सत्रातल्या पुण्याईवर सगळा संसार. पण खरी गंमत, म्हणजे गंमत नव्हेच, थोरलीच्या बारावीत होती. तिचे गुण काढताना तीस टक्के वजन दहावीच्या गुणांना, तीस अकरावीला आणि चाळीस बारावीच्या वर्षभराच्या कामाला. म्हणजे २०१९ ची खणलेली जमीन २०२१ मध्ये पुन्हा तिच्या पायाखाली आणून ठेवली होती. एकदा कापून घेतलेलं धान दुसऱ्या हंगामात पुन्हा वजा करावं, तसं. आणि तिच्या आजोबाने, एकतीस वर्षांच्या अनुभवी मास्तराने, आकडा पाहून म्हटलं होतं, "घसरली."

मला आमच्या शाळेतला तक्ता आठवला. मुख्याध्यापकांच्या खोलीत ड्रॉइंगच्या सरांनी एक मोठा कागद लावला होता, 'आमची प्रगती'. सालवार दहावीचा निकाल, लाल शाईने. सुरुवातीला रेघ अगदी वर होती. एका साली तर शंभर टक्के. मग मधेच रेघ दरीत कोसळल्यासारखी पडलेली, आणि पुढे कशीबशी चढत गेलेली. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी छडी त्या दरीत ठेवली आणि विचारलं, "इथं काय झालं?" मुख्याध्यापक घामाघूम. कुणी म्हणे कॉपीला आळा घातला, कुणी म्हणे मास्तरांच्या बदल्या. मी म्हणालो, "सर, मुलांचं वाचन कमी झालं." हे उत्तर कुठल्याही सालाला चालतं.

शेवटी पाणी घेऊन आलेला शिपाई बोलला. "साहेब, त्या साली रस्ता झाला."

साहेबांना वाटलं, याने प्रश्न ऐकलाच नाही. पण त्याने बरोबर ऐकला होता. शंभर टक्के निकाल लागला त्या साली परीक्षेला आमची मुलं बसली होती अकरा. मास्तर, पाटील आणि दुकानदारांची. मग रस्ता झाला, एसटी आत जाऊ लागली, आणि जंगलातल्या गावांतली पोरं शाळेत आली. घरात गोंडी बोलणारी, बापाने कधी सही न केलेली, तेंदूपत्त्याच्या हंगामात महिनाभर गायब होणारी. त्यांतली बरीच पहिल्या फटक्यात नापास झाली. पण जी पास झाली, ती आमच्या जुन्या अकराच्या दुप्पट होती! टक्का पडला होता आणि शाळा वाढली होती. 'आमची प्रगती' खरी कुठे असेल, तर त्या दरीत होती. हे आमच्यापैकी एकाही मास्तराला दिसलं नाही. शिपायाला दिसलं, कारण घंटा तो वाजवायचा, आणि घंटेला किती पोरं धावत येतात हे त्याला ठाऊक होतं.

पुढे मी नातवाच्याच मोबाइलवर (झाडावर न चढता) वाचलं, की अमेरिकेतही हाच प्रकार झाला होता. तिथे कॉलेजात जाण्याआधी सॅट नावाची परीक्षा देतात. १९६३ साली तिच्यात भाषेची सरासरी होती ४७८ आणि गणिताची ५०२. १९७७ पर्यंत त्या ४२९ आणि ४७० वर उतरल्या. देशभर हाकाटी झाली, की पिढी बिघडली. कुणी टीव्हीला दोष दिला, कुणी घटस्फोटांना. शेवटी समिती नेमली. तिनं १९७७ साली सांगितलं, की सुरुवातीच्या वर्षांतल्या घसरणीचा मोठा भाग, पाऊण हिश्श्यापर्यंत, नुसता एवढ्यामुळेच आहे, की पूर्वी जी मुलं परीक्षेला बसतच नसत ती आता बसू लागली आहेत. म्हणजे रस्ता झाला! आमच्या शिपायाला बोलावलं असतं, तर त्यांचा समितीचा खर्च वाचला असता. पण पुढच्या वर्षांची घसरण मात्र एवढ्याने भागत नाही, हेही त्याच समितीने सांगितलं. म्हणजे प्रत्येक वेळी "भुई हलली" म्हणून सुटताही येत नाही. कधीकधी मूल खरोखर खंगलेलं असतं. आणि १९९५ साली त्यांनी सरळ मापच नव्याने लावलं आणि सरासरी पुन्हा पाचशेच्या आसपास आणून ठेवली. एका रात्रीत सगळा देश हुशार. फरशी बसवली.

याच्या उलटा किस्सा बुद्धिमापनाच्या चाचण्यांचा. न्यूझीलंडमध्ये जेम्स फ्लिन नावाचे प्राध्यापक होते. १९८४ साली त्यांनी दाखवलं, की अमेरिकेतल्या लोकांचे या चाचण्यांतले गुण १९३२ पासून दर दहा वर्षांना सुमारे तीनने चढत गेले आहेत. पण दर थोड्या वर्षांनी सरासरी पुन्हा शंभरावर आणून ठेवत असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. हा हिशेब मागे नेला, तर आपले आजोबा-पणजोबा जवळजवळ मंदबुद्धी ठरतात. फ्लिन साहेबांनाही ते पटलं नाही. नुसती बुद्धी वाढली असं नसून विचार करण्याची सवय बदलली, असं त्यांनी पुढे मांडलं. मी हे हिला वाचून दाखवलं. आजोबांच्या पिढीबद्दलचा भाग ऐकून ती म्हणाली, "हे त्यायले आता समजलं?"

तर मग काहीच मोजू नये की काय? तसं नाही. वडील सांगायचे, माप धरायच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात. खळ्यावर कोणाकोणाचं धान आलं, पायली कोणती, आणि पायली धरणारा हात कुणाचा. टक्क्यांचंही तेच. परीक्षेला कोण बसलं, पेपर कसा होता, आणि गुण कोणाच्या हातात होते. तिन्ही जागच्या जागी असतील, तर यंदाचा आकडा गेल्या सालाशेजारी ठेवावा. नसतील, तर त्या दोन आकड्यांची ओळखसुद्धा करून देऊ नये.

एकच पायली वर्षानुवर्षं वापरणारे लोकही आहेत. प्रथम संस्थेचे 'असर'वाले २००५ पासून खेडोपाडी घरोघर जातात आणि मुलांपुढे एक साधा कागद धरतात. दुसरीच्या पातळीचा परिच्छेद, वजाबाकी, भागाकार. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा परिच्छेद वाचू शकणारी २०१८ साली ५०.५ टक्के होती. २०२२ ला ती ४२.८ वर आली आणि २०२४ ला ४८.८ वर. आता २०२२ चा आपला दहावीचा निकाल पाहा: ९६.९४! अर्थात ही दोन्ही वेगळी मुलं आहेत, वेगळा मुलूख आहे, तेव्हा यांचीही ओळख करून द्यायला नको. पण बंद शाळेत मुलांचं काय झालं हे कळायला कुठल्या काट्याकडे बघावं, एवढं त्यावरून समजतं. पहिल्या काट्यावर घरी गूळ-फुटाणे वाटता येतात. दुसऱ्यावर झोप लागत नाही.

हे सगळं वाचन पुढचं. त्या सकाळी माझ्याजवळ फक्त चौकट होती. तेवढी पुरली. मी दुकानात गेलो. मुलगा साखर जोखत होता.

"काल मी सांगितलं ते चूक होतं," मी म्हणालो.

मुलाने साखर सांडली. इतक्या वर्षांच्या ओळखीत हे वाक्य त्याने माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी त्याला घरी आणलं, चौकटीपाशी उभं केलं आणि फरशी दाखवली. मग सगळा हिशेब सांगितला. तो बराच वेळ त्या दोन रेघांवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्हनजे थोरली हुशार, अन् धाकटा ढ?"

"नाही रे बाबा! म्हणजे आकड्याला यांतलं काहीच ठाऊक नाही. धाकटा हुशार असेलही. त्याची परीक्षाच झाली नाही, तर कसं कळणार?"

"मंग ठरवाचं कशावरून?"

आणि इथे मला एक भयंकर गोष्ट उमगली. ठरवायला टक्के लागतच नव्हते! धाकट्याची अकरावी-बारावी इथेच राहून होऊ शकत होती; एसटी होती, कॉलेज होतं. थोरलीचं मात्र पुढचं शिक्षण गावात नव्हतं. तिला नर्सिंगला जायचं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हिला ते चार वर्षांपासून माहीत होतं. मी टक्के विचारत होतो, हिनं पोरीला विचारलं होतं.

वडशाच्या पाहुण्यांना निरोप गेला. थोरलीने जीएनएमचा अर्ज भरला. यादी बारावीच्या गुणांवर लागणार होती, म्हणून मुलगा धास्तावला, "एकाहत्तरवर काय भेटन?" पण यादीतली बहुतेक पोरं तिच्याच सालातली होती. २०१९ ला सगळ्यांचीच फरशी खणलेली, आणि सारखी खणलेली असली, की पुन्हा सगळे एका पातळीवर. तिचा नंबर लागला. ती गेली त्या दिवशी एसटी वेळेवर आली, त्यामुळे कुणालाच नीट रडता आलं नाही.

धाकट्याने २०२३ साली बारावीची खरीखुरी, पूर्ण अभ्यासक्रमाची, पेपर हातात घेऊन लिहायची परीक्षा दिली. अठ्ठावन्न टक्के. घरात सुतक पडलं. शेजारचे येऊन "घसरला" म्हणून गेले. मी म्हणालो, "घसरला नाही. स्टुलावरून उतरला. आता त्याची खरी उंची दिसते." त्यालाही ते पटलं असावं, कारण त्यानंतर तो क्रिकेट जमिनीवरच बघायला लागला आणि पुढे शिकला. आता तो दुकानाचे हिशेब माझ्यापेक्षा चांगले करतो. माझा आलेख त्याने उधारीच्या वहीला पुठ्ठा म्हणून लावला आहे.

थोरली आता एका दवाखान्यात नोकरीला आहे. मागच्या दिवाळीला तिच्या दवाखान्यात गेलो होतो. दूर जंगलातल्या गावातली एक बाई महिनाभराचं पोर घेऊन आली होती. थोरलीने पोर हातात घेतलं, पण काट्यावर ठेवलं नाही. आधी रिकामा काटा पाहिला. तो शंभर ग्रॅमवर उभा होता. तिनं तो शून्यावर आणला, आणि मग पोर ठेवलं. वजन कमी निघालं. तिनं त्या बाईला बसवून घेतलं, आणि दूध कसं पाजते, स्वतः काय खाते, हे विचारत बराच वेळ बोलत राहिली. बोलताना दोन-चार शब्द गोंडीतले होते. ते कुठल्या परीक्षेत नव्हते.

"काटा तसाच राहू दिला असतास, तर पोराचं वजन चांगलं भरलं असतं की," मी गमतीने म्हणालो.

"भरलं असतं ना आबाजी," ती म्हणाली. "अन् माय खुशीत घरी गेली असती."

मी चष्मा पुसला. या वेळी तो खरोखरच धूसर झाला होता.

घरी आल्यावर ही म्हणाली, "चौकटीले या साली वार्निश माराचं म्हनते मी. त्या रेघा घासून टाकू का?"

"असू दे," मी म्हणालो. "पण शेजारी एक ओळ लिही: २०१४ साली फरशी बसली."

"तुमीच लिहा," ही म्हणाली. "मले लिवता कुठं येते?"

मी खिळा घेतला आणि लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. तिनं लांबून पाहिलं आणि मान हलवली. "बरं हाय," म्हणाली. किती टक्के, ते मात्र सांगितलं नाही.